सक्शन पाण्यात सोडलंस तर पाणीच येणार

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या घरात एक काम ठरलेलं असतं. सकाळचे पोहे झाले की मी आणि बाबा खाली पार्किंगमध्ये उतरतो. बाबांच्या हातात बॅटरी, माझ्या हातात १० नंबरचा बॉक्स पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि पुसायला जुनं बनियन. मृग लागायच्या आत माझ्या स्विफ्टचा बाहेरून बसवून घेतलेला इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा नेणारा पाइप आणि फिल्टर, उतरवायचा आणि कंपनीचा मूळ एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरची पेटी, परत चढवायचा. चाळीस मिनिटांत होतं. दसऱ्याला हेच उलट करायचं.

२०१९ च्या जुलैपर्यंत मी हे करत नव्हते. त्या महिन्यात माझ्या इंजिनात पाणी गेलं, एक कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकला आणि ४१,६०० रुपये खर्च झाले. पावसाळा जवळ आला की ओळखीतली, ऑफिसमधली, सोसायटीतली मुलं मला विचारतात की इनटेकवर नुसतं कव्हर घातलं तर चालेल का. दरवर्षी तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

आधी गाडीबद्दल. २०१२ ची स्विफ्ट, पेट्रोल, १४ इंची चाकं. २०१६ मध्ये जुनी घेतली. मी बदलापूरला राहते, नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, क्वालिटी विभागात; दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, बारीक मापं घ्यायची साधनं, हातात. सुट्टीच्या दिवशी मुरबाडमार्गे माळशेजला जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं, ही माझी चैन. त्या घाटासाठीच २०१८ च्या दिवाळीनंतर कोल्ड एअर इनटेक बसवून घेतला. अ‍ॅल्युमिनियमचा लांब पाइप, टोकाला तेल लावलेल्या सुती कापडाचा शंकूसारखा फिल्टर. ताकद किती वाढली हे मी कधी मोजलं नाही आणि त्याबद्दल मोठमोठे दावे करणार नाही. पण तिसऱ्या गिअरमध्ये चढ लागला की इंजिन छाती भरून श्वास घेतंय असा जो आवाज येतो, तो मला मनापासून आवडतो. म्हणूनच इनटेक विकून टाकला नाही आणि म्हणूनच दर मे महिन्यात खाली उतरते.

कोल्ड एअर इनटेकचं सगळं गणित त्याच्या जागेत आहे. बॉनेटखाली हवा गरम असते आणि गरम हवा विरळ. तीस अंशांची हवा पन्नास अंशांपर्यंत तापली की तेवढ्याच जागेत सुमारे ६ टक्के कमी हवा मावते. म्हणून फिल्टर इंजिनपासून लांब, खाली, पुढच्या बंपरच्या आत, फॉगलॅम्पच्या मागे नेतात. तिथे गार वारा लागतो. पण तिथेच रस्त्यावरचं पाणीही येतं. माझ्या गाडीत फिल्टरचं खालचं टोक जमिनीपासून २८ सेंटीमीटरवर होतं. चाकाचा मध्य ३१ सेंटीमीटरवर. म्हणजे पाणी अर्ध्या चाकापर्यंत येण्याआधीच फिल्टर पाण्याला टेकणार. कंपनीच्या एअरबॉक्सचं तोंड मात्र वर, बॉनेटच्या कडेच्या लगेच खाली असतं. ही दोन मापं मी गाडी बिघडल्यानंतर घेतली. रोज लोकांची मापं तपासणारी मी, बसवून घेताना टेप काढली नाही, याचं वाईट अजून वाटतं.

बसवणाऱ्या दुकानानं आणखी एक गोष्ट केली होती, जी मला तेव्हा कळली नाही. पाइप खाली उतरवायला त्यांनी चाकाच्या वरचं आतलं प्लॅस्टिक, फेंडर लायनर, पुढच्या बाजूनं कापलं होतं आणि त्याच्या चार क्लिपांपैकी दोन परत लावल्याच नव्हत्या. त्यामुळे चाकानं उडवलेलं पाणी थेट फिल्टरवर. नुसत्या पावसात, साचलेलं पाणी नसतानाही, फिल्टर भिजत असणार. क्लिप दहा-पंधरा रुपयांना मिळते.

तर ती संध्याकाळ. २०१९ च्या जुलैचा दुसरा आठवडा. दुपारपासून धो धो कोसळत होता. सुटल्यावर अंबरनाथहून निघाले. वाटेत नाल्याशेजारी रस्ता खोलगट आहे, तिथे पाणी भरलं होतं. माझ्या पुढे एक स्विफ्टच होती, माझ्याच पिढीची. ती सावकाश आत शिरली आणि आरामात बाहेर पडली. तिच्या चाकावर पाणी कुठपर्यंत येतंय ते मी नीट बघितलं. रिमच्या मधोमध. तिला जमलं तर मला जमेल, असं म्हणून मीही घातली. पहिला गिअर, सावकाश. अर्धं अंतर गेले आणि समोरून पाण्याचा टँकर आला. तो काही फार वेगात नव्हता, पण दहा टनांची गाडी पाण्यातून गेली की लाट उठतेच. लाट माझ्या बंपरवर आदळून बॉनेटवर आली. इंजिन दोनदा अडखळलं आणि थांबलं. हळूहळू बंद पडलं असं नाही. कोणीतरी हातोडी ठेवावी तसा एकच ‘ठक्’ आवाज आला आणि सगळं गप्प.

मी किल्ली फिरवली. कोणीही फिरवेल. ‘टक्’ झालं आणि स्टार्टर जागच्या जागी अडकला. दुसऱ्यांदा फिरवणार, तेवढ्यात मागच्या रिक्षातून एक जण गुडघाभर पाण्यात उतरून काचेवर थाप मारत ओरडला, “ताई, किल्ली नका फिरवू! पाणी ओढलंय तिनं!” त्या माणसाचं नावही मी विचारलं नाही. त्यानं आणि आणखी दोघांनी गाडी ढकलून बाहेर काढली.

आता हे ‘पाणी ओढणं’ म्हणजे काय ते बघा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. माझ्या इंजिनात चार सिलिंडर मिळून ११९७ सीसी, म्हणजे एकेकाचे साधारण ३०० सीसी. कॉम्प्रेशनचं प्रमाण, म्हणजे आतली हवा किती पटीनं दाबली जाते ते, दहाला एक धरलं, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर ३३ मिलिलिटर जागा उरते. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं छोटं झाकण दोन-तीनदा भरून ओता, तेवढी. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये शिरलं तर पिस्टनला वर यायला जागाच नसते. पण उरलेले तीन सिलिंडर आणि फ्लायव्हीलचं जड फिरतं चाक त्याला वर ढकलत असतात. मग जे वाकू शकतं ते वाकतं, आणि ते म्हणजे कनेक्टिंग रॉड.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चारही प्लग काढले आणि इंजिन नुसतं फिरवलं. तिसऱ्या भोकातून पिचकारी उडावी तसं पाणी बॉनेटच्या आतल्या बाजूवर आदळलं. थोडं पहिल्यातूनही आलं. ऑइल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं. दोनदा ऑइल बदलून, प्लग वाळवून त्यांनी इंजिन चालू केलं, आणि ते चालू झालं! मला हायसं वाटलं. मिस्त्री मात्र कान देऊन ऐकत राहिले. “तीन नंबर बरोबर नाय वाटत,” म्हणाले. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं. तीन सिलिंडर तेरा बारच्या आसपास, तिसरा दहा.

इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडायच्या आधी खात्री करायची म्हणून मी घरून आईची स्वेटर विणायची स्टीलची सुई आणली. प्लगच्या भोकातून सुई सरळ पिस्टनवर टेकवायची, क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं सावकाश फिरवायचं, सुई वर येते येते आणि एका जागी थांबते. तिथे प्लगच्या बैठकीशी सुईवर चिकटपट्टीची खूण करायची. मग सुई काढून व्हर्नियरनं माप. पहिला, दुसरा, चौथा, तिघांचं माप एकमेकांच्या केसभर अंतरात. तिसऱ्याला सुई १.८ मिलिमीटर जास्त आत गेली. पिस्टन पूर्ण वर येतच नव्हता, कारण त्याचा रॉड वाकून तेवढा आखूड झाला होता. मी ते माप तीनदा घेतलं. तिन्ही वेळा तेच. इंजिन उतरवल्यावर रॉड हातात घेतला तर नुसत्या डोळ्यांना वाकलेला दिसेना. सपाट काचेवर चांगल्या रॉडशेजारी ठेवला तेव्हा कमरेत किंचित कललेला दिसला. असं इंजिन काही दिवस चाललंही असतं. मग एखाद्या दिवशी रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असतं. पाणी गेल्यावर “चालू झाली, आता काही नाही” असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही सुईची गोष्ट सांगते.

रॉड चालत्या इंजिनातच वाकला होता. किल्ली फिरवून मी त्यात भर घालायला निघाले होते, ती त्या रिक्षावाल्या दादांमुळे टळली.

ते पैसे खिशातून गेले. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पाण्यामुळे अडकलेल्या इंजिनाचं नुकसान धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. शिवाय विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं पाइपकडे बोट दाखवून विचारलं, हा बदल तुम्ही कळवला होता का? नव्हता कळवला. इनटेक बसवलेल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे, विमा कंपनीला लेखी कळवा आणि ते वेगळं कव्हर घ्या.

२६ जुलैच्या रात्री बदलापुरात काय झालं ते इथल्या लोकांना आठवत असेल. उल्हास नदीचं पाणी पसरलं, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, दुसऱ्या दिवशी लोकांना बोटींनी काढावं लागलं. त्या रात्री माझं इंजिन सुटं होऊन गॅरेजच्या टेबलावर पडलं होतं. आम्ही तिघं घरात, लाइट गेलेले, आणि बाबा मेणबत्तीच्या उजेडात मला इनटेकबद्दल प्रश्न विचारत होते.

बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर गेली. पंप, पाणी ओढणारा सक्शन पाइप, त्याच्या तळाची झडप म्हणजे फूटव्हॉल्व्ह, हे त्यांचं जग. पंपानं हवा धरली की काय काय करावं लागतं ते मी लहानपणापासून ऐकत आले. मी कागदावर गाडीचा पाइप काढून दाखवला. हा थ्रॉटल, इंजिनात हवा सोडणारी झडप, हा पाइप, हा खाली बंपरमध्ये फिल्टर. त्यांनी चित्राकडे बघितलं आणि म्हणाले, “अगं, पंपाचं सक्शन आम्ही मुद्दाम पाण्यात सोडतो, पाणी यावं म्हणून. तू गाडीचं सक्शन पाण्यात सोडलंस, तर पाणीच येणार ना?” मग थोड्या वेळानं, “फिल्टर म्हणजे काय, फूटव्हॉल्व्हची जाळी. जाळी कचरा अडवते, पाणी नाही अडवत.”

माझ्या मते सगळा विषय या दोन वाक्यांत आला. पाऊस आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाचे थेंब, उडालेले तुषार यांनी इंजिनाचं सहसा काही बिघडत नाही. चार थेंब आत गेले तर त्यांची वाफ होऊन जाते. घात होतो तो फिल्टर बुडल्यावर. आणि बाजारात मिळणारे बहुतेक उपाय तुषारांसाठी आहेत, बुडण्यासाठी नाहीत. हा फरक दुकानदार सांगत नाही.

मला हे डोळ्यांनी बघायचं होतं. आमच्या कंपनीत मशीनखाली सांडलेलं कूलंट उचलायला पाणीसुद्धा ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर आहे. परवानगी घेऊन एका शनिवारी शिफ्ट संपल्यावर मी माझा फिल्टर त्याच्या नळीला जोडला, मध्ये हातभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, आत काय येतंय ते दिसावं म्हणून. आधी उघडा फिल्टर, झाडांवर मारायच्या स्प्रेनं पाच मिनिटं पाणी मारलं. नळीच्या आत धुकं आल्यासारखा ओलसरपणा आला, थेंब ओघळले नाहीत. मग त्यावर पाणी झटकणाऱ्या कापडाचं कव्हर चढवलं; याला लोक सॉक म्हणतात. पुन्हा पाच मिनिटं स्प्रे. नळी कोरडी. कव्हरवर पाणी अळवाच्या पानावर राहतं तसं मोत्यांसारखं उभं राहत होतं आणि गळून जात होतं. तोपर्यंत मला ते कव्हर फार आवडलं होतं. मग बादली घेतली. फिल्टर एक तृतीयांश बुडवला, तेव्हा वरच्या मोकळ्या भागातून हवा येत राहिली, पण नळीत अधूनमधून पाण्याचे शिंतोडे उडायला लागले. पूर्ण बुडवला आणि मोजायलाही वेळ मिळाला नाही. गुळगुळ असा आवाज झाला आणि पारदर्शक नळी पाण्यानं भरली. कव्हर काढून पुन्हा बुडवला, तेच. दोन्हींत फरक असलाच तर एखाद्या श्वासाचा.

आणि व्हॅक्यूम क्लीनरपेक्षा इंजिनाची भूक पुष्कळ मोठी. १२०० सीसीचं इंजिन ३००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर सेकंदाला ३० लिटरच्या आसपास हवा ओढतं. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दोन बादल्या. म्हणूनच “पाण्यातून जाताना रेस देत राहा, सायलेन्सरमध्ये पाणी जात नाही” हा सल्ला अशा गाडीला घातक आहे. चालू इंजिनाचा धूर सायलेन्सरमधलं पाणी बाहेर ढकलतोच. रेस दिली की ओढ मात्र वाढते, आणि ती ओढ खालून, पाण्याशेजारून असते.

मग करायचं काय? माझं उत्तर पहिल्याच परिच्छेदात आहे: पावसाळ्यात मूळ एअरबॉक्स चढवा. त्याच्या तोंडाची उंची गाडी बनवणाऱ्यांनी विचार करून ठेवलेली असते. बसवताना झाकणाच्या सगळ्या क्लिपा लागल्या का, रबराचा पाइप थ्रॉटलवर पूर्ण बसला का, होज क्लिप आवळली का, एवढं बघा. एअरबॉक्सच्या तळाला छोटं भोक असेल तर ते बुजवू नका. आत आलेलं पाणी निथळायला ते मुद्दाम ठेवलेलं असतं. चिखलानं बुजलं असेल तर उदबत्तीच्या काडीनं मोकळं करा. आणि मूळ एअरबॉक्स भंगारात देऊ नका! इनटेक बसवताना दुकानवाले “हा आता काय करायचाय” म्हणून बाजूला टाकतात. माझा मी मागून घेतला होता, त्याबद्दल आजही बरं वाटतं. एका ओळखीच्या मुलाला जुना शोधायला कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन खेपा घालाव्या लागल्या.

ज्यांच्याकडे मूळ एअरबॉक्स नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग: खालचा पाइप काढून टाका. बऱ्याच किटमध्ये पाइप दोन तुकड्यांत असतो, मध्ये सिलिकॉनचा जोड. खालचा तुकडा काढला आणि फिल्टर वरच्या तुकड्याला लावला की तो बॉनेटखाली उंचावर येतो. गरम हवा ओढेल, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी थोडी सुस्त वाटेल, पण पावसाळ्यात हवाच गार असते, चार महिने खपून जातं. इंजिनाच्या आणि फिल्टरच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा केला तर आणखी बरं. पत्र्याच्या कडेला रबरी पट्टी लावा, नाहीतर कंप पावून तो वायर कापेल.

बायपास व्हॉल्व्ह नावाचीही एक वस्तू मिळते. पाइपच्या वरच्या भागात बसवायची, फोमची कडी असते. खालचा फिल्टर बुडाला आणि आतली ओढ वाढली की ती उघडते आणि इंजिन वरची हवा घेतं. कल्पना चांगली आहे. पण व्हॉल्व्ह स्वतः पाण्याच्या वर राहिला तरच उपयोग, फोम धुळीनं कडक झाला नसेल तरच उपयोग, आणि टर्बो गाड्यांना तो चालत नाही. आपल्याकडच्या धुळीत आठ महिने घालवलेल्या फोमच्या भरवशावर मी पाण्यात गाडी घालणार नाही.

दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नका. पहिली, फिल्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधणं. हे मी खरोखर बघितलंय, दुधाची पिशवी कापून बांधलेली. हवा अडते आणि पिशवी फिल्टरला चिकटून इंजिन गुदमरतं. दुसरी, पाणी निथळावं म्हणून पाइपच्या खालच्या वळणावर ड्रिलनं भोक पाडणं. मूळ एअरबॉक्सला भोक असतं मग आपणही पाडू, असा विचार त्यामागे असतो. पण एअरबॉक्सचं भोक फिल्टरच्या आधी, धुळीच्या बाजूला असतं. तुमच्या पाइपचं वळण फिल्टरच्या नंतर, स्वच्छ बाजूला आहे. तिथून जाणारी धूळ न गाळता सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि त्याच्या भिंती घासते. काटई ते कर्जत रस्त्यावर ऑक्टोबरात जी धूळ असते ती ज्यानं खाल्ली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

फेंडर लायनर शाबूत ठेवा. कापलेला असेल तर मडफ्लॅपचं रबर कापून ठिगळ लावा. सॉक वापरायचा असेल तर जरूर वापरा, फक्त तो कशासाठी आहे ते ध्यानात ठेवून. फिल्टर भिजला तर सावलीत आपोआप वाळू द्या; हेअर ड्रायर किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून सुती पदर खराब होतात. नंतर पुन्हा तेल लावताना हात आखडता ठेवा. ज्या गाड्यांत हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असतो त्यांत जास्तीचं तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसतं आणि गाडी झटके द्यायला लागते.

पाण्यात शिरायची वेळ आलीच तर मी आता पुढच्या गाडीकडे बघत नाही. तिचं सक्शन कुठे आहे ते मला माहीत नसतं. समोरून मोठी गाडी येत असेल तर ती जाईपर्यंत काठावर थांबते, मागचे कितीही हॉर्न मारोत. आपली गाडीही पुढ्यात पाणी उचलत जाते, वेग वाढला की बंपरसमोर फुगवटा येतो, म्हणून चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला हात लावायचा नाही. ढकलून बाहेर काढायची, टो करून न्यायची, प्लग काढायचे, मग बाकीचं.

२०२० च्या मे महिन्यात बाबांनी ऑइल पेंटचा जुना डबा काढला आणि सोसायटीच्या गेटच्या खांबावर जमिनीपासून २८ सेंटीमीटरवर लाल रेघ ओढली. पंपहाऊसच्या विहिरीत पाण्याची पट्टी असते तशी. सेक्रेटरी काकांनी विचारलं तेव्हा बाबांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि काकांनी रेघ राहू दिली.

गेल्या वर्षी जुलैत रात्रभर पाऊस झाला. पहाटे उठून गॅलरीतून बघितलं तर पाणी ओसरलं होतं, पण खांबावर लाल रेघेच्या वर चार बोटं गाळाची ओली खूण होती. माझी गाडी मागच्या उंच बाजूला लावलेली, मूळ एअरबॉक्सवर. गेटजवळ मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची गाडी उभी होती. त्यानं मार्चमध्येच माझ्यासारखा इनटेक बसवला होता, मला दाखवायलाही आला होता. तो दार उघडून आत बसत होता, कॉलेजची बॅग खांद्याला. उभ्या गाडीतही पाइप भरतो, पाणी ओसरलं तरी वळणात साचून राहतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन ते पिऊन टाकतं. मी गॅलरीतून ओरडले, “किल्ली फिरवू नकोस! थांब, आले मी!” अनवाणीच जिना उतरले. त्याला वाटलं घरात कोणाला काही झालं.

बाबा मागून पाना आणि तांब्या घेऊन आले. आम्ही बॉनेट उघडलं, थ्रॉटलजवळची क्लिप सैल केली, पाइप सोडवून सावकाश तांब्यात तिरका केला. आधी गढूळ पाणी, मग एक पिवळं पान, मग पुन्हा पाणी. मुलगा काहीच बोलत नव्हता. मी वरून मोजपात्र आणवलं आणि पाणी त्यात ओतलं. २२० मिलिलिटर भरलं.